घसरण्याची सोय

अलाबामा राज्यातलं सेल्मा हे गाव जगाला ठाऊक आहे ते मार्च १९६५ मधल्या मोर्चामुळे. मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या कृष्णवर्णीय नागरिकांवर तिथल्या एडमंड पेटस पुलावर पोलीस तुटून पडले आणि त्या पुलाचं नाव इतिहासात गेलं. कुरणं राखणाऱ्या, गुरं पाळणाऱ्या दक्षिणेकडच्या शेतकऱ्याला मात्र सेल्मा आणखी एका कारणाने माहीत असतं. गवतापासून मनगटाएवढ्या झुडपापर्यंत समोर येईल ते फोडून काढणारा, ट्रॅक्टरमागे जोडायचा रोटरी मोअर तिथे १९५१ पासून ‘बुश हॉग’ या नावाने बनत आला. उत्तरेला इलिनॉय राज्यात ऑरेगॉन नावाचं गाव आहे. तिथल्या वुड बंधूंनी दुसरं महायुद्ध संपल्यावर थोड्याच काळात असाच मोअर बाजारात आणला होता. पुढे कंपन्या पुष्कळ आल्या, पण खेड्यापाड्यांत नाव रुळलं ते सेल्माचं. मोअर कुणाचाही असो, मालकाच्या तोंडी तो बुश हॉगच.

या यंत्राचा आणि नाजूकपणाचा काही संबंध नाही. जाड पत्र्याचं उपडं छत, त्यावर मधोमध गिअरबॉक्स, गिअरबॉक्सच्या उभ्या दांड्याला खाली अडकवलेली एक जाडजूड थाळी आणि त्या थाळीला एकेका बोल्टवर टांगलेली दोन पाती. झालं यंत्र. पाती मोकळी ठेवतात ती मुद्दाम. दगड लागला की पातं मागे वळतं आणि फेऱ्याच्या जोराने पुन्हा बाहेर येतं. थाळीची कडही वर वळवलेली असते, म्हणजे जुन्या बुंध्यावर ती आपटू नये, त्याच्यावरून सरकून जावी. पाच फूट रुंदीच्या मोअरची पाती मिनिटाला हजार फेरे घेत असतील तर त्यांचं टोक ताशी सुमारे २८७ किलोमीटर वेगाने धावत असतं. परिघाचं शाळेतलं सूत्र आठवत असेल त्याला हा आकडा कागदावर काढता येतो. एकदा काढला की चालत्या मोअरच्या जवळ जायची हौस फिटते.

इतक्या वेगातली पाती अडली तर? टेनेसी-अलाबामाच्या पडीक कुरणात सीडरची रोपटी आणि काटेरी ब्लॅकबेरीची जाळी माजलेली असतात. त्यात कधीकाळी तोडलेल्या झाडाचा बुंधा दडलेला असतो, कुंपणाची पडलेली तार असते, जमिनीतून डोकं काढलेला खडक असतो. पाती मागे वळली तरी दर वेळी तेवढ्याने भागत नाही. पुढे ट्रॅक्टर आपली चाळीस अश्वशक्ती ओततोच आहे, मागे काहीतरी हलायला तयार नाही आणि मधे ट्रॅक्टरची ताकद मोअरला पोचवणारा शाफ्ट, शाफ्टच्या सांध्यांचे क्रॉस, गिअरबॉक्सचे दाते. या माळेत जे सर्वांत कमकुवत असेल ते जाणार, त्याला इलाज नाही. कमकुवत कोणी असावं, एवढं ठरवणं माणसाच्या हातात. ते आधीच ठरवून बसवलेला भाग म्हणजे शाफ्टवरचा स्लिप क्लच.

त्याची रचना एखाद्या हुशार पोराला पाच मिनिटांत समजावी इतकी सोपी आहे. शाफ्टच्या मोअरकडच्या टोकाला, गिअरबॉक्सला लागून, चकत्यांची एक चळत असते. मधली पोलादी चकती गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसवलेल्या हबची. तिच्या दोन्ही अंगांना लायनिंग, म्हणजे ब्रेकला असतो तसल्या घर्षणाच्या पदार्थाच्या दोन चकत्या. त्यांच्या बाहेरून दोन प्लेटा, त्या शाफ्टबरोबर फिरतात. आणि ही सगळी चळत कडेच्या बोल्टांवरच्या स्प्रिंगांनी एकमेकींवर दाबून धरलेली. हब आणि प्लेटा यांच्यामध्ये कुठे दाता नाही, खिळा नाही, खाच नाही. पुढची ताकद मागे पोचते ती निव्वळ घासण्याच्या जोरावर. भार मर्यादेत असेल तोवर चळत एकजीव होऊन फिरते. मर्यादा ओलांडली की लायनिंग घसरतं, जळका वास येतो, थोडा धूर निघतो आणि गिअरबॉक्स वाचतो.

प्रेशर कुकरला दोन रखवालदार असतात. शिट्टी वाफ सोडते आणि पुन्हा जागेवर बसते. सेफ्टी व्हॉल्व्ह एकदाच जातो आणि मग नवा आणावा लागतो. मोअरच्या शाफ्टवर हे दोन्ही प्रकार पाहायला मिळतात. स्लिप क्लच ही शिट्टी. शिअर बोल्ट हा सेफ्टी व्हॉल्व्ह: मुद्दाम मऊ पोलादाचा घेतलेला बोल्ट, जोराचा दणका बसला की कापला जाणारा. रोज कुकर लावणाऱ्याला आणखीही एक गोष्ट न सांगता कळते. वेळ झाली तरी शिट्टी होत नसेल तर कुकर शहाणा झाला असं नव्हे; भोकात डाळीचं साल अडकलेलं असतं.

घसरण्यासाठी असा स्वतंत्र भाग बसवण्याची वेळ शेतीवर येऊन फार काळ झालेला नाही. घोड्यांनी ओढायच्या कापणी यंत्राला, बाइंडरला, ताकद मिळायची ती जमिनीवरून फिरणाऱ्या त्याच्या मोठ्या चाकातून. चाक फिरलं की साखळ्या फिरायच्या, साखळ्यांनी पाती चालायची. पीक फार गच्च असलं, यंत्र तुंबलं, तर ते चाक मातीत नुसतं फरफटायचं. शेतकरी शिव्या घालत उतरायचा, तुंबलेला पेंढा उपसायचा, पुन्हा बसायचा. मळणी यंत्रं लांबलचक चपट्या पट्ट्यावर चालत. भार वाढला की पट्टा पुलीवर घसरायचा, कधी उतरूनच पडायचा. थोडक्यात, घसरणं फुकट होतं. मातीने आणि चामड्याने ते परस्पर सांभाळलेलं होतं, म्हणून त्याची आठवण ठेवायची गरज कुणाला पडली नव्हती.

मग पीटीओ आला, म्हणजे पॉवर टेक-ऑफ: इंजिनाची ताकद शाफ्टने थेट अवजाराला देण्याची सोय. फ्रान्समध्ये आल्बेर गूजी नावाच्या माणसाने १९०६ च्या सुमारास आपल्या ट्रॅक्टरच्या इंजिनातून शाफ्ट काढून थेट बाइंडरला जोडला. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा अभियंता एडवर्ड जॉन्स्टन याच्या नजरेस तो खटाटोप पडला आणि १९१८ मध्ये त्या कंपनीने आपल्या ८-१६ ट्रॅक्टरवर पीटीओची सोय देऊ केली. जो तो आपापल्या गतीचा शाफ्ट काढू लागला तर एकाचं अवजार दुसऱ्याला चालणार नव्हतं. म्हणून १९२७ साली अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेने प्रमाण ठरवून दिलं: मिनिटाला ५३६ फेरे, दहा इकडे किंवा तिकडे. पुढे त्याचे सरळ ५४० झाले. सांगलीच्या ऊसपट्ट्यातल्या ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात आज जो ५४० चा आकडा छापलेला असतो, तो हाच.

५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. या गतीला चाळीस अश्वशक्ती दिली तर शाफ्टमध्ये सुमारे ५३० न्यूटन-मीटरचा पीळ भरतो. मीटरभर लांब पान्याच्या टोकाला ५४ किलोंचा माणूस लोंबकळला तर नटावर जेवढा जोर येईल तेवढा, आणि तोही सतत. शिवाय फिरत्या पात्यांच्या वजनात साठलेला जोर वेगळा. अडथळा आला की तो क्षणात शाफ्टवर उलटतो. पूर्वी यंत्र तुंबलं की चाक फरफटायचं. पोलादी शाफ्ट फरफटत नाही. मातीकडून काढून घेतलेलं घसरणं कुठेतरी परत बसवणं भाग होतं.

इथवर सगळं सुरळीत आहे. अडचण अशी की हा भाग जन्मभर वाट पाहत बसतो.

मोटारीचा क्लच दिवसातून शेकडो वेळा घसरतो, घासून निघतो, कोरडा राहतो. मोअरच्या क्लचला ते भाग्य नाही. कुरण वर्षाकाठी एक-दोनदा कापायचं, बाकीचे महिने मोअर कुंपणाशी उभा. पाऊस, दव, बर्फ सगळं त्याच्या अंगावर. लायनिंगचा पदार्थ सच्छिद्र असतो, तो ओल धरून ठेवतो. त्याला टेकलेली पोलादी प्लेट गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो फुगून लायनिंगच्या बारीक भोकांत शिरतो. उन्हाळा येईपर्यंत प्लेट आणि लायनिंग यांचा एकच गोळा झालेला असतो. या क्लचचं दुखणं बहुतेक वेळा झिजण्याचं नसतं, न झिजण्याचं असतं.

स्थिर ठेवलेले दोन पृष्ठभाग एकमेकांना अधिकाधिक धरू लागतात, हे गंजाशिवायही खरं आहे. शार्ल ऑगस्तँ द कूलाँ याचं नाव विद्यार्थ्यांना विद्युतभाराच्या नियमामुळे माहीत असतं. तो पेशाने लष्करी अभियंता. विजेच्या प्रयोगांआधी त्याने रोशफोरच्या जहाजबांधणीच्या आवारात घर्षणाचे चिकाटीने प्रयोग केले आणि त्यावरच्या प्रबंधाला १७८१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचं पारितोषिक मिळालं. त्याला आढळलेल्या गोष्टींपैकी एक अशी: काही पदार्थांच्या जोड्या जितका वेळ एकमेकांवर स्वस्थ ठेवाव्यात, तितका त्यांना पहिल्यांदा हलवायला जास्त जोर लागतो. कुंपणाशी उभा असलेला मोअर हाच प्रयोग करत असतो, फक्त मोजायला कुणी नसतं.

आणि हे दुखणं दिसत नाही. उलट, जाम झालेल्या क्लचचा मोअर मालकाला जास्त दमदार वाटतो. शेजाऱ्याचा मोअर दाट झुडपात धूर काढतो, याचा मुकाट पुढे जातो. जुनी अवजारं विकताना ‘याला कधी काही झालं नाही’ हे वाक्य मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं. स्लिप क्लचच्या बाबतीत हे वाक्य ऐकून गिऱ्हाइकाने कान टवकारायला हवेत. ज्याला कधी काही झालं नाही तो कधी घसरलाही नाही. त्याचं बिल फुटतं ते एखाद्या दिवशी गवतातल्या बुंध्याशी: क्रॉसचे तुकडे, पीळ बसलेला शाफ्ट, गिअरबॉक्सच्या तेलात दात्यांचा चुरा. नशीब आणखी वाईट असेल तर दणका ट्रॅक्टरच्या पोटापर्यंत जातो.

म्हणून मोअरची पुस्तिका सांगते की हंगामाच्या सुरुवातीला, आणि मोअर बरेच दिवस उभा राहिला असेल तर कामाला लावण्याआधी, क्लच मुद्दाम घसरवून पाहा. पद्धत अशी. प्लेटांच्या कडेवर खडूने किंवा खिळ्याने आडवी रेघ मारायची, जी सगळ्या चकत्यांवरून जाईल. स्प्रिंगांचे नट सगळे सारखे, साधारण दोन-दोन फेरे ढिले करायचे. मग सगळ्यांनी लांब व्हायचं आणि पीटीओ दोन-तीन सेकंद जोडून लगेच सोडायचा. इंजिन बंद, किल्ली खिशात, पाती पूर्ण थांबलेली. आता रेघ बघायची. तुटून पुढेमागे झाली असेल तर क्लच मोकळा आहे. नट जितके ढिले केले तितकेच परत आवळायचे. रेघ जशीच्या तशी सरळ असेल तर क्लच उघडण्यावाचून सुटका नाही. रेघ मोडली की आनंद मानायचा, अशी तपासणी कारखान्याबाहेर क्वचितच भेटते.

उघडण्याचं काम घाण असतं, कठीण नसतं. फक्त एका गोष्टीत हयगय चालत नाही: शाफ्ट ट्रॅक्टरपासून आधी सुटा करायचा आणि मोअर उचललेला असेल तर खाली ठोकळे द्यायचे. पाऊणशे मिलिमीटर जाडीचा शाफ्ट ५४० गतीला सेकंदाला दोन मीटरहून जास्त कापड गुंडाळतो. बाहीचं टोक सापडलं तर हात मागे घ्यायला सवड मिळत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण जुन्या मोअरवर हमखास फुटलेलं किंवा गायब असतं. क्लचला हात घातलाच आहे तर तेही नवं बसवावं. तो खर्च टाळण्याजोगा मुळीच नाही.

आधी नट. गंजलेल्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं तर निम्मं काम होतं, मात्र ते तेल लायनिंगवर ओघळू द्यायचं नाही. तेल प्यायलेलं लायनिंग पुन्हा भरवशाचं होत नाही. बोल्ट निघाले की चळत हातात येते, आणि खरा प्रकार तेव्हा दिसतो. निरोगी क्लचच्या चकत्या बोटांनी सुट्या होतात. जाम झालेल्याच्या होत नाहीत. प्लेट आणि लायनिंग यांच्या फटीत पातळ पटाशी धरून कडेकडेने हलके ठोके द्यावे लागतात. एका जागी जोर केला तर लायनिंगची खपली निघते. सुटताना कडकन आवाज येतो आणि आत तांबूस भुकटी दिसते. प्लेटेच्या पोलादावर लायनिंगचा ठसा उमटलेला असतो, त्याच्या रेषांसकट.

त्या भुकटीबद्दल दोन शब्द. विसाव्या शतकात ब्रेक आणि क्लचच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९८९ मध्ये त्यावर बंदी आणली; न्यायालयाने ती १९९१ मध्ये बहुतांश रद्द केली; क्रायसोटाइल जातीच्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी यायला २०२४ उजाडलं. तेव्हा जुन्या मोअरच्या लायनिंगमध्ये काय आहे हे नुसतं पाहून ठरवता येत नाही. हवेचा पाइप लावून भुकटी उडवण्याची सवय गॅरेजात सगळ्यांनाच असते. इथे ती सोडायची. ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं, तोंडाला नीट मास्क लावायचा.

प्लेटा वायर ब्रशने आणि एमरी पेपरने घासायच्या, गोल गोल, चकाकी येईपर्यंत नाही तर गंजाचे उंचवटे जाईपर्यंत. सरळ पट्टी आडवी धरून प्लेट वाकलीय का बघायचं. वाकलेली असेल तर लेथवर चढवून सपाट करून घ्यायची किंवा बदलायची. लायनिंगला तडे नसतील, जाडी शिल्लक असेल आणि तेल लागलेलं नसेल तर वरचा गुळगुळीत थर खरडून तेच परत वापरता येतं. नवं घ्यायचं तर जुन्याचा बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी मोजून न्यायची. मोअरचं मॉडेल सांगून भागत नाही, कारण चाळीस वर्षांत त्याचा शाफ्ट कुणी ना कुणी बदललेला असतो.

इथे बरेच जण एक जागा विसरतात. चकत्या मोकळ्या झाल्या तरी शाफ्टचं टोक हबवर ज्या बुशवर फिरतं तो बुश वेगळा जाम झालेला असू शकतो. वर्षानुवर्षं न फिरल्याने तोही गंजात अडकतो. सगळी चळत स्वच्छ करून, नव्या लायनिंगसह जोडून, रेघ मारून पीटीओ सोडला तरी रेघ जागची हलत नाही आणि माणूस चक्रावतो. चळत बाजूला असतानाच हब आणि शाफ्टचं टोक एकमेकांवर हाताने फिरवून पाहिलं तर ही फेरी वाचते.

आता जोडणी, आणि तिच्यात दुरुस्तीचा खरा कस. आतापर्यंतचं काम ताकदीचं होतं. यापुढचं हात आवरण्याचं आहे. पाना हातात आला की नट जाईल तितका आवळायचा ही माणसाची उपजत वृत्ती. ढिलं राहिलं तर गळेल, निखळेल, खडखडेल, हे आयुष्यभर शिकलेलं असतं आणि नव्वद टक्के जागी ते बरोबरही असतं. स्लिप क्लचचे नट मात्र आवळण्यासाठी नसतात, मोजण्यासाठी असतात. पुस्तिकेत आवळल्यानंतरची स्प्रिंगची लांबी दिलेली असते. प्रत्येक स्प्रिंग कॅलिपरने मोजून, समोरासमोरचे नट आळीपाळीने फिरवत, सगळ्या त्या लांबीला आणायच्या. एम-१२ च्या साध्या आट्याचा नट एका फेऱ्यात १.७५ मिलिमीटर पुढे जातो. एवढ्याशा आखूड, जाड स्प्रिंगला पावणेदोन मिलिमीटर ही लहानसहान गोष्ट नव्हे. असे फेरे वाढत गेले आणि स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकले की स्प्रिंग संपली, पोलादाची नळी उरली. मग तो क्लच जगात कशानेही घसरणार नाही. गंजाने जे चार हिवाळ्यांत केलं असतं ते पान्याने पाच मिनिटांत केलेलं असतं, आणि करणाऱ्याला वाटतं, काम पक्कं झालं.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला बुश हॉग हे नाव परकं वाटेल, हा प्रसंग वाटणार नाही. इथे ट्रॅक्टरमागे असतो तो रोटाव्हेटर, म्हणजे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या ऑस्ट्रेलियन शेतकऱ्याच्या मुलाने १९१२ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगांचं फळ. उसाच्या पाचटाची कुट्टी करणारी यंत्रं आहेत. गुलाबी बोंडअळीच्या तडाख्यानंतर विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाटी बारीक करणारे श्रेडर दिसू लागले, ते तर बुश हॉगचे चुलतभाऊच. सगळ्यांचा जीव पीटीओच्या शाफ्टवर, आणि संरक्षणाला शिअर बोल्ट नाहीतर स्लिप क्लच. दगडाळ रानात शिअर बोल्ट एका दिवसात दोनदा तुटतो. भाड्याने ट्रॅक्टर चालवणाऱ्याचं एकराच्या हिशेबाने नुकसान होतं. मग तो तालुक्याच्या दुकानातून तुटणार नाही असा बोल्ट आणतो. बोल्टच्या डोक्यावर ४.६ छापलेलं असतं तिथे ८.८ येतो. अमेरिकेत डोक्यावर काहीच खूण नसलेला ग्रेड दोनचा बोल्ट जाऊन सहा रेघांचा ग्रेड आठ येतो. खुणा वेगळ्या, युक्ती तीच. तिच्यामागे अडाणीपणा असतो असं म्हणणं अन्यायाचं होईल. रोजच्या तुटण्याचा खर्च डोळ्यांसमोर असतो, गिअरबॉक्सचा खर्च अजून व्हायचा असतो, आणि हप्ता महिन्याच्या महिन्याला भरायचा असतो.

शिअर बोल्ट बरा की स्लिप क्लच, हा जुन्या मोअरवाल्यांचा न संपणारा वाद आहे. बोल्टवाले म्हणतात, बोल्ट गंजला तरी तुटायचा तो तुटतोच. क्लच घसरेलच याची खात्री काय? म्हणणं चुकीचं नाही. क्लचवाले म्हणतात, रानाच्या मधोमध छताखाली वाकून तुटका बोल्ट ठोकत बसणं आम्हाला नको. शिवाय बोल्टची भोकं आघाताने लांबट होत जातात आणि मग बोल्ट वेळेआधीच तुटू लागतात. हेही खरं. दोन्ही ऐकल्यावर एवढंच म्हणावंसं वाटतं की वर्षातून एकदा रेघ मारून बघणार नसेल त्याने क्लचच्या वाटेला जाऊ नये. त्याला बोल्टच बरा.

जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत आणखी एक घोटाळा नेहमी होतो. १९४७ ते १९५२ या काळात फोर्डने ८-एन ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक बनवले आणि त्यांतले पुष्कळ आजही लहान शेतांवर मोअर ओढतात. या ट्रॅक्टरचा पीटीओ चाकांच्या गिअरबॉक्समधूनच फिरतो. त्यामुळे कुंपणाजवळ येऊन क्लचचं पेडल दाबलं तरी फिरत्या पात्यांचा जोर उलट दिशेने शाफ्टमधून चाकांपर्यंत पोचतो आणि ट्रॅक्टर थांबायच्याऐवजी कुंपणात घुसतो. त्यावर उपाय म्हणजे ट्रॅक्टरच्या पीटीओवर बसवायचा ओव्हररनिंग क्लच. तो ट्रॅक्टरकडून मोअरकडे ताकद जाऊ देतो, मोअरकडून परत येऊ देत नाही. नावात दोघांच्याही क्लच असल्याने एक बसवला की दुसऱ्याचं काम भागलं अशी समजूत होते. तशी ती करून घेऊ नये. एक बुंध्यापासून वाचवतो, दुसरा कुंपणापासून.

जोडणी झाली की पुन्हा तोच कार्यक्रम: नट दोन-दोन फेरे ढिले, कडेवर रेघ, पीटीओ दोन-तीन सेकंद. या वेळी धूर निघतो. नवं लायनिंग प्लेटेवर बसताना थोडा धूर काढतंच, त्याला घाबरायचं नसतं. पण तो सेकंदांचाच असावा. क्लच पूर्ण घसरत असताना इंजिनाची सगळी ताकद, सुमारे तीस किलोवॉट, त्या टीचभर चकत्यांत उष्णता होऊन उतरत असते. ट्रॅक्टरवाल्याने धुराकडे बघत पीटीओ तसाच चालू ठेवला तर लायनिंग काचेसारखं गुळगुळीत होतं आणि नवा क्लच पहिल्याच दिवशी जुना होतो. क्लच वेळ मिळवून देतो, तोही थोडा. पीटीओ सोडायचं काम शेवटी सीटवर बसलेल्याचंच.

रेघ मोडली, नट परत मोजक्या लांबीला आले, की मोअर रानात जायला तयार. पहिल्या तासाभरानंतर क्लचजवळ हात नेऊन, स्पर्श न करता, तो किती तापलाय याचा अंदाज घ्यावा आणि स्प्रिंगांची लांबी एकदा पुन्हा मोजावी, कारण लायनिंग बसलं की चळत किंचित बारीक होते. पुढच्या हिवाळ्याचं काय, यावर दोन मतं आहेत. काही जण मोअर उभा करतानाच सगळे नट ढिले करून ठेवतात, म्हणजे प्लेटा लायनिंगवर दाबून राहत नाहीत आणि गंजाची पकड बसत नाही. काही म्हणतात, त्यापेक्षा छपराखाली ठेवा आणि वसंतात घसरवून बघा. छप्पर असेल तर दुसरं सोपं. उघड्यावर ठेवायचा असेल तर पहिलं चांगलं. फक्त नट ढिले आहेत हे चार महिन्यांनी आठवायला हवं, म्हणून नट किती फेरे फिरवले ते लिहिलेली चिठ्ठी ट्रॅक्टरच्या किल्लीला बांधावी. मोअरवर बांधून उपयोग नाही. एप्रिलपर्यंत त्याच्याकडे कुणी फिरकत नाही.